मायाप्पाच्या दोन हजार अठ्ठेचाळीस चिठ्ठ्या

मायाप्पाला त्याच्या सरांनी फसवलं. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो, कारण आमच्याकडे अशी गोष्ट सांगताना लोक आधी अर्धा तास माणसाच्या स्वभावाचं कौतुक करतात आणि मग आवाज उतरवून 'जरा अन्याय झाला बरं का' म्हणतात. जरा नाही. सांगलीजवळच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मायाप्पा हंगामी प्रयोगशाळा सहायक होता आणि सर त्याच्या संगणक विभागाचे प्रमुख होते. मायाप्पाने दीड वर्ष राबून जे केलं, ते सरांनी आपलं म्हणून मांडलं, त्या जोरावर मोठ्या पदावर गेले आणि मायाप्पाला घरी बसवलं.

सरांचं नाव मी लिहिणार नाही. भीती हे कारण नाही. त्यांनी मायाप्पाचं नाव कुठेही लिहिलं नाही, म्हणून मी त्यांचं लिहीत नाही. ते पॉलिटेक्निकही आता नाही. त्या इमारतीत मंगल कार्यालय आहे आणि जिथे प्रयोगशाळा होती तिथे वऱ्हाडाची भांडी विसळतात.

मी कोण ते दोन ओळींत सांगतो. कुपवाडला माझा जुन्या संगणकांचा धंदा होता. टीव्ही दुरुस्तीपासून सुरुवात केली, मग स्टॅबिलायझर, मग संगणक. पुण्या-मुंबईच्या कंपन्या मोडीत काढायच्या ती यंत्रं लिलावात घ्यायची, पुसून-जोडून विकायची. शाळा आठवीपर्यंत. बाकी शिक्षण घासाघिशीत झालं. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर या पॉलिटेक्निकला मी एक यंत्र विकलं. आठ एमबी मेमरी, आणि त्याला जोडलेली आठ टर्मिनल्स. म्हणजे नुसते पडदे आणि कळफलक, डोकं सगळ्यांचं मिळून एकच. त्यावर फुकट मिळणारी, आतला सगळा मजकूर उघडा असलेली एक ऑपरेटिंग सिस्टीम घातलेली. आठ पोरं एकदम बसतील असं मी सांगितलं होतं. पाचवा बसला की यंत्र गुदमरायचं. डिस्कचा लाल दिवा लागायचा तो विझायचाच नाही.

महिनाभराने सायकलवरून एक उंच, काळासावळा, हाडापेराने लांब माणूस दुकानात आला. पायजमा, वर इन केलेला शर्ट. शर्टाच्या खिशात एकच पेन्सिल.

"आण्णा, पॉलिटेक्निकातनं आलोय. यंत्राचं बोलायचं हुतं."

मी भांडणाच्या तयारीतच होतो. "यंत्रात खोट नाही. अजून आठ एमबी घ्या, पळेल."

"खोट न्हाईच म्हंतोय की मी," तो म्हणाला. "यंत्र लय चांगलं हाय. त्येला कारभार नीट शिकिवला न्हाई कुनी."

"मग काय करू? शाळेत घालू?"

"ते मी करतो. तुमी फकस्त एक सांगा, ह्येच्या आतल्या चिपचं पुस्तक हाय का तुमच्याकडं?"

गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं आणि पुस्तक मागून जातं, हे मी पहिल्यांदा बघत होतो. पुस्तक दिलं. परत मिळणार नाही असं धरूनच दिलं. पंधरा दिवसांनी ते खाकी कागदाचं कव्हर घालून परत आलं.

मायाप्पा जतकडचा. घरची मेंढरं. वडील अजून कळप घेऊन पावसाळ्यानंतर कोकणाच्या बाजूला उतरायचे. हा शिकला. सांगलीत बी.एस्सी. करताना हरिपूरला हळदीच्या पेवांवर कामाला होता. ज्यांनी पेव बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: जमिनीत खोल खणलेलं कोठार, वर माणूस उतरेल एवढंच तोंड, आत हळद. अशी शेकडो पेवं शेजारी शेजारी. वरून सगळी सारखीच दिसतात. कुठलं कुणाचं, कुठलं रिकामं, कुठल्यात ओल शिरली, हे मुकादमाच्या डोक्यात आणि त्याच्याजवळच्या चिठ्ठ्यांत. मायाप्पा त्या चिठ्ठ्या लिहायचा.

त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं: "इचारतंय कोन, आनि कवा?" कुठलीही वस्तू कुठे ठेवायची याचा निकाल तो या एका प्रश्नावर लावायचा. प्रयोगशाळेच्या किल्ल्या नंबराप्रमाणे लावलेल्या होत्या. त्याने त्या सकाळी दारं ज्या क्रमाने उघडतात त्या क्रमाने लावल्या. डब्यात भाकरी खाली आणि ठेचा वर, कारण बोट आधी ठेच्याला लागतं. एकदा मी जेवायला घरी गेलो असताना त्याने माझ्या दुकानातले सगळे स्क्रू उलथेपालथे केले. मी आलो आणि खवळलो. "कुणी सांगितलं तुला? माझं दुकान आहे का तुझ्या मामाचं?"

"आवं आण्णा, तुमी मापापरमानं लावला हुता. पर तुमी काय माप म्हनून स्क्रू घेता व्हय? तुमी डबा उघडताय, मग डिस्क काडताय, मग पावर. त्या वळीनं लावल्यात. एक डाव करून बगा."

दिवसभर मी त्याला शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी चार यंत्रं जोडायची ती दुपारीच जोडून झाली. तरीही मी त्याला चांगलं म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

त्या यंत्राचं त्याने काय केलं ते मला समजलं एका रविवारी दुपारी. एप्रिलचं ऊन, पंखे बंद, प्रयोगशाळेची टेबलं भिंतीला सरकवलेली, आणि जमीनभर चिठ्ठ्या. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठी कापून केलेल्या. मधोमध मायाप्पा उकिडवा बसलेला, घामाने निथळत.

"पंखा लाव की!"

"उडत्यात."

"किती आहेत रे या?"

"दोन हजार अठ्ठेचाळीस."

"थोड्या कमी केल्या असत्यास तर काय बिघडलं असतं?"

"एक कमी चालत न्हाई आण्णा. जी कमी आसती तीच मागितली जाती."

मग त्याने मला, आठवी पास माणसाला, ते समजावलं. आणि मला समजलं. यंत्राच्या मेमरीचे सारखे तुकडे पाडलेले असतात, एकेका तुकड्याला पान म्हणायचं. आठ एमबीत अशी दोन हजार अठ्ठेचाळीस पानं. ऑपरेटिंग सिस्टीमचा जो गाभा, तो प्रत्येक पानामागे एक छोटी नोंद ठेवतो: पान कुणाचं, किती जण वापरतात, त्यातलं डिस्कवर उतरवायचं राहिलंय का, शेवटचा हात कधी लागला.

"एक पान म्हंजे एक पेव," मायाप्पा म्हणाला. "आनि ही त्येची चिठ्ठी. आता मुकादमाला रिकामं पेव पायजे. त्यो काय बगनार? कुनाचा भाग हाय का ह्यात, आनि वल हाय का. दोनच गोष्टी. पर चिठ्ठी लिवनाऱ्यानं एक गोष्ट वर लिवली आनि दुसरी पाठीमागं. दर चिठ्ठी उलटी करून बगायची. दोन हजार चिठ्ठ्या उलट्या करस्तवर हळद भिजती का न्हाई? आपलं यंत्र त्येच करतंय. पाचवं पोरगं आलं की जागा हुडकाय बसतंय, आनि हुडकन्यातच जीव जातोय."

"मग?"

"जे एकदम इचारलं जातंय ते एकाजागी आनायचं. एका नजरंत दिसाय पायजे. आनि ही चौकट बगा, मालकाची. रिकाम्या पेवाला मालक नसतोय. मग ह्या चौकटीत काय हाय? हवा. तितं पुडच्या रिकाम्या पेवाचा नंबर लिवायचा. एक रिकामं घावलं की त्येच पुडचं दावतंय."

तो चिठ्ठ्या उचलायचा, एक चौकट खोडून दुसरीकडे काढायचा, मग स्वतःच गाभा होऊन खोलीभर फिरायचा आणि किती वेळा वाकावं लागलं ते खडूने फळ्यावर मांडायचा. वाकणं कमी झालं की ते यंत्रात लिहायचा. दीड वर्ष हे चाललं. सर अधूनमधून दारात उभे राहायचे. "काय मायाप्पा, पत्ते खेळताय का?" म्हणायचे आणि जायचे. मायाप्पा मात्र रोज संध्याकाळी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन आज काय हलवलं ते सांगून यायचा. कुणी विचारत नव्हतं तरी सांगायचा. सर मान हलवत दुसरंच काहीतरी लिहीत बसायचे.

एकदा त्याने मोठी चूक केली. प्रॅक्टिकलच्या सरावाच्या वेळी एका मुलीच्या प्रोग्राममध्ये मध्येच दुसऱ्याच मुलाच्या ओळी उमटल्या. ती रडायला लागली. सरांनी सगळ्यांसमोर मायाप्पाला झाडलं, "मेंढरं हाकायची सोडून इकडे कशाला आलात?" हे वाक्य मी दारात उभा राहून ऐकलं. तीन आठवडे मायाप्पा चिठ्ठ्यांमध्ये बसून होता. शेवटी सापडलं. पान सोडताना त्याचा गाभा मालकाची चौकट आधी पुसायचा आणि मग किती जण वापरतात ते बघायचा. दोघांनी धरलेलं पान एकाने सोडलं की दुसरा आत असतानाच ते रिकाम्यांत जाऊन बसायचं. ज्या पेवात अजून कुणाचा तरी भाग आहे ते पेव रिकामं म्हणून दाखवायचं.

दुरुस्ती दोन ओळींची होती. त्या दोन ओळींच्या डोक्यावर त्याने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून ठेवलं: इथे मी चुकलो, आधी मोजा मग पुसा, मायाप्पा. सगळ्या कामात त्याचं नाव तेवढ्या एका जागी होतं.

मी म्हटलं, "येड्या, जिथं चांगलं केलंस तिथं नाव घाल की."

"चांगलं झालेलं चालतंयच की आण्णा. त्येला कोन इचारतंय? चुकल्यावर मानूस हुडकत्यात. तवा घावाय पायजे."

त्यानंतर सातवं पोरगं बसलं तरी यंत्र चालायला लागलं. आठवा बसला की धापा टाकायचं, पण मरत नव्हतं. मी विकायला ठेवलेली आठ एमबी तशीच पडून राहिली आणि तरी मला राग आला नाही, यावरून काय ते समजा.

आता फसवणुकीकडे येतो. खंडेनवमीला मायाप्पाने प्रयोगशाळेत यंत्राची पूजा केली. दोन फ्लॉपींवर आपलं पुरं झालेलं काम उतरवलं होतं, त्यांना हळदीकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, तो सरांच्या घरी सोनं द्यायला गेला. मीही गेलो होतो. गिऱ्हाईक होतं, जावं लागतं. मायाप्पाने आपट्याची पानं सरांच्या हातावर ठेवली, त्यावर त्या दोन फ्लॉपी ठेवल्या आणि वाकून पाया पडला. "सर, सोनं घ्या. पुरं झालं."

"सोन्यासारखे राहा," सर म्हणाले. फ्लॉपी टीव्हीवर ठेवल्या आणि आम्हाला श्रीखंड दिलं.

आपल्याकडे दसऱ्याला सोनं म्हणून आपट्याचं पान देतात. ते पान घेणारा उद्या येऊन तुमच्या घरावर हक्क सांगत नाही. आदराने पुढे केलेली गोष्ट ही आदराने बघायची असते, शाबासकी देऊन परत ठेवायची असते. हे सांगलीतल्या शेंबड्या पोराला कळतं. सरांना कळत नव्हतं असं मी मानायला तयार नाही.

जानेवारीत साताऱ्याला शिक्षकांची परिषद होती. सर निबंध वाचणार होते आणि यंत्र चालवून दाखवणार होते. यंत्र मी विकलेलं म्हणून जोडायला मी, आणि उचलायला मायाप्पा. सर मोटारीने गेले. आम्ही एस.टी.ने. मॉनिटर मायाप्पाने सगळ्या वाटेत मांडीवर धरला. कराडला चहाला उतरलो तर खाली ठेवायला तयार नाही. काय वाचणार आहेत ते त्याला माहीत होतं का? मी विचारलं. "आपलंच काम हाय न्हवं," तो म्हणाला. 'आपलंच'! त्याला ते दोघांचं वाटत होतं.

पडद्यावर पहिलं चित्र आलं ते मायाप्पाच्या चिठ्ठीचं. तीच चौकट, तेच बाण. खाली नाव सरांचं. एकट्याचं. मायाप्पाचं नाव आभारात नाही, शेवटी नाही, कुठेच नाही. आम्ही सगळ्यात मागे बसलो होतो. मी त्याच्याकडे बघितलं. तो चित्राकडे बघत होता, पेन्सिल हातात.

निबंध संपला, टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर प्राध्यापिका उठल्या. साधं सुती पातळ, जाड चष्मा. त्यांनी विचारलं, "रिकाम्या पानाच्या नोंदीत मालकाच्या जागी तुम्ही पुढच्या पानाचा क्रमांक ठेवता. मग त्या चौकटीत आत्ता मालक आहे की क्रमांक, हे गाभा ओळखतो कसं?"

सरांनी घसा साफ केला. "ते सिस्टीमच्या पातळीवर हाताळलेलं आहे."

"हो, पण कसं?"

सर पाण्याचा पेला उचलून प्यायले. उत्तर सोपं होतं, मलासुद्धा येत होतं: किती जण वापरतात तो आकडा आधी बघायचा, शून्य असेल तर चौकटीत क्रमांक, नसेल तर मालक. मी मायाप्पाला कोपर मारलं. "ऊठ. सांग."

"सर वर उबं हाईत," तो पुटपुटला. "मागनं बोललं तर त्येंची मान खाली जाईल."

माझं डोकं फिरलं. मी उठून ओरडलो, "ज्यानं हे केलंय तो इथं बसलाय! त्याला विचारा!"

सगळ्या माना वळल्या. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "सांगता का तुम्ही?"

मायाप्पा उठला. त्या क्षणी सगळं त्याच्या हातात होतं. नाव, नोकरी, सगळं. त्याने सरांकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"सरांनी सांगितलं तसंच हाय," तो म्हणाला आणि खाली बसला.

परतीच्या एस.टी.त मी त्याच्याशी बोललो नाही. त्यापेक्षा दगडाशी बोललेलं बरं. उंब्रज गेल्यावर तो आपणहून म्हणाला, "नाव घातलं न्हाई त्येचं मला येवडं न्हाई, आण्णा. पर त्यास्नी उत्तर ठावं न्हवतं. दीड वरीस रोज संध्याकाळी जाऊन सांगत हुतो मी. त्येनी एक दिस बी ऐकलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये गेलो. माझ्याकडे एका फ्लॉपीवर त्या कामाची प्रत होती, मायाप्पाने माझ्या दुकानातल्या यंत्रावर घालून बघताना ठेवलेली. तिच्यात ती 'आधी मोजा मग पुसा' वाली ओळ होती, नावासकट. सरांनी आपल्या प्रतीतून ती काढून टाकली होती.

"एक ओळ कोणीही टाईप करू शकतो," सर म्हणाले. "आणि तुमच्या डोळ्यांदेखत त्याने मला ते दिलं. दसऱ्याला दिलेलं सोनं कुणी परत मागतं का?"

"सोनं मागत नाही. चोरलेलं मागतोय."

"आवाज खाली ठेवा. तुम्हाला नेमकं काय हवंय?"

हा प्रश्न धंद्यातला. इथे मी चुकलो. जन्मभर घासाघीस केलेला माणूस, समोरच्याने काय पाहिजे विचारलं की माझी जीभ आपोआप सौद्याला वळते. मी विचार केला, नाव गेलं तर गेलं, पोटाचं तरी बघू. मी म्हटलं, "जूनमध्ये जागा भरणार आहात. मायाप्पाला कायम करा. मी गप्प बसतो."

"आणि ती फ्लॉपी?"

"तीही देतो."

सरांनी हात पुढे केला. मी हातावर हात मारला आणि फ्लॉपी टेबलावर ठेवली. दुकानात मी हातात पैसे आल्याशिवाय स्क्रूसुद्धा उचलू देत नाही. पण समोर शिकलेला माणूस, मागे भिंतीवर सरस्वतीचं चित्र, शब्द दिलेला. मी विश्वास ठेवला. आयुष्यात माल आधी देऊन शब्द घेतला तो एवढाच.

जूनमध्ये जागा भरली. दुसऱ्याच कुणाला तरी घेतलं. मायाप्पाला 'आपली हंगामी सेवा संपुष्टात येत आहे' असा अर्धा कागद मिळाला. त्याच आठवड्यात प्रयोगशाळेतलं यंत्र सरांच्या हुकमाने पुसून नव्याने भरलं. मायाप्पाच्या घरी संगणक नव्हता. त्याच्याकडे फ्लॉपी कुठून असणार? एकच प्रत उरली होती, ती मी माझ्या हाताने देऊन आलो होतो. मी केबिनमध्ये घुसलो तर सर म्हणाले, "कसला शब्द? लेखी काही आहे का?" शिपायांनी मला बाहेर काढलं. सर पुढे त्या निबंधावर मोठ्या कॉलेजात गेले.

मायाप्पा दुकानात आला तो सायकल स्टँडवर न लावता हातात धरूनच उभा राहिला. सौद्याचं त्याला शिपायांकडून कळलं होतं.

"आण्णा, खरं हाय व्हय? तुमी माझं नाव दिलंसा, नोकरीच्या बदल्यात?"

"तुझ्यासाठीच रे गड्या. उपाशी मरशील म्हणून—"

"मी मागितली हुती का नोकरी तुमास्नी?"

मी हातातला स्क्रू डब्यात टाकला.

"त्येनी घेतलं ते मला न इचारता. तुमी बी दिलंसा ते मला न इचारताच." तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर मी चिडून उत्तर दिलं असतं, ते मला जमतं. तो नुसता हिशेब नीट लागला की नाही हे बघावं तसा माझ्याकडे बघत होता. मग सायकल वळवून गेला. त्याने साताऱ्यात तोंड उघडलं नाही म्हणून माझा त्याच्यावर राग होता. तो राग त्या दिवशी कुठे ठेवू ते मला कळेना.

दशक संपता संपता मी त्याला शेवटचं बघितलं. मोडीत निघालेल्या मॉनिटरांचा ट्रक घेऊन मी पुण्याला चाललो होतो. कराडजवळ मलकापूरला हमरस्त्याच्या कडेला वजनकाटा आहे, तिथे ट्रक चढवला. केबिनच्या खिडकीत मायाप्पा. केस पांढरे व्हायला लागलेले. मागे टेबलावर संगणक होता, त्यावर प्लास्टिकचा कागद घातलेला. तो पावत्या हाताने लिहीत होता.

"संगणक बंद आहे का?" मी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"चालू हाय. मला नगं हाय."

त्याने माझी पावती लिहिली. खाली सही केली. तिथे चार अक्षरांचा फराटा पुरला असता, पण त्याने सावकाश सगळं नाव लिहिलं, बापाचं लिहिलं, आडनाव लिहिलं, गाव लिहिलं. मागच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. त्याने 'तालुका जत'ही लिहिलं आणि मगच पावती फाडली. खिडकीतल्या पुस्तकात आधीच्या सगळ्या पावत्यांच्या कार्बनवर तेवढंच लांब नाव होतं. एकेका ट्रकमागे एकदा.

मी पावती घेतली आणि मला जे कधी कुणाला म्हणता आलं नाही ते म्हणालो. "मायाप्पा, माझं चुकलं. मी तुला विचारायला पाहिजे होतं."

त्याने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. माफ केलं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

"ट्रक पुडं घ्या आण्णा," तो म्हणाला. "मागं वळ लागलीया."

आरशात बघितलं तर तो पुढच्या ट्रकची पावती लिहायला वाकला होता.

म्हणून सर, आता तुम्हाला विचारतो. तुम्ही निवृत्त झालात. तुमचे सत्कार होतात, त्यात 'ग्रामीण भागातून आलेलं मूलभूत संशोधन' असा तुमच्या कामाचा उल्लेख होतो, तुम्ही हात जोडून तो ऐकून घेता. माझ्याशी बोलू नका; मला शब्द देऊन बघितलात. मलकापूर तुमच्या घरापासून दोन तासांच्या वाटेवर आहे. तो अजून तिथेच पावत्या लिहितो, असं ट्रकवाले सांगतात. मोटारीने जा, हवं तर एस.टी.ने जा. त्या खिडकीपाशी उभे राहा आणि त्याच्या तोंडावर सांगा की ते काम कुणी केलं, नाव कुणी काढून टाकलं आणि जागा दुसऱ्याला का दिली. मी गेलो होतो, मी माझं सांगून आलो. तुम्ही कधी जाताय?